हरकतीचं कारण, थोडक्यात

फॉर्मवर जागा दीड ओळीची.
खाली बारीक अक्षरात: थोडक्यात लिहावे.

थोडक्यात असं की साहेब,
आमच्या गल्लीच्या मधून तुम्ही रेघ मारली.
डाव्या हाताची घरं जुन्याच शाळेत, एकोणीस नंबरला,
उजव्या हाताची रस्त्यापलीकडे, चोवीसला.
आम्ही उजव्या हाताचे.
मधोमध नळ आहे.
तो कुणाच्या हद्दीत, ते नकाशात नाही.

नकाशा भिंतीला लावला तेव्हा सगळेच गेलो बघायला.
नवरा मागावरनं तसाच आलेला,
भुवयांवर कापसाची लव,
तुटलेला धागा हुडकावा
तसा रेघेवरनं बोट फिरवत राहिला.
धागा तुटला की माग थांबवायचा, गाठ मारायची,
एवढं त्याला येतं.
इथं माग कुठनं थांबवायचा, त्यानं विचारलं.
कारकून हसला.
वाईट नाही हसला, दमलेला होता तोही.

अंतर एक किलोमीटर दोनशे मीटर,
नियमात बसतंय, म्हणालात.
बसत असेल की ओ.
मी मोजलं ते असं:
पोरीला सोडायचं, परत यायचं,
आणायला जायचं, परत यायचं,
दीडशे विड्या.
म्हणजे सहा कट्टे, रोज.
हजार भरल्या नाहीत तर कारखान्यात बाई बोलते,
छाट निघते ती वेगळीच,
आणि सूप काही मांडीवर घेऊन चालता येत नाही.

आत्ता नऊ पोरं एकत्र निघतात.
पुढं येमूलांची सिंधुजा, सातवीतली.
चौकात ती नुसता हात वर करते
आणि टमटम थांबते,
सुताच्या गठ्ठ्यांचा टेम्पो थांबतो,
एकदा तर पोलिसाची मोटारसायकल थांबली.
तिला हे कुणी शिकवलं नाही.
सिंधुजा डाव्या हाताची.
म्हणजे उसाच्या ट्रॉल्यांचा मोठा रस्ता आमच्या चौघांना,
आणि त्यांत सगळ्यांत मोठी माझीच,
तिसरीतली.

पट कमी झाला म्हणता. झालाय.
माझ्या जावेनंच दोन पोरं कमी केली,
टाय बांधून पाठवते इंग्रजीला.
आणि चोवीसला संडासाला दार आहे,
कडी आतनं लागते,
मी स्वतः लावून बघितली. खोटं कशाला बोलू.
तसलं एक दार इकडं बसवलं असतं तर
किती खर्च आला असता, हे मात्र
नोटिशीत कुठं दिसलं नाही.

पोर पहिलीत होती तेव्हा दारातच बसली रडत,
आत जाईना.
वडनालबाई वाकून म्हणाल्या, रा, कूर्चो.
घरचा शब्द शाळेत ऐकून
ती रडायचीच विसरली.
चोवीसच्या बाई चांगल्या असतील,
त्यांच्याबद्दल माझी हरकत नाही,
तसं वेगळं लिहायचं असेल तर लिहून घ्या.

काल रात्री पानं कातरत होते, तर प्रणती विचारते,
अम्मा, हजेरीत मी निहारिकाच्या नंतर असते.
तिचं नाव आलं की मी उठायला लागते.
तिकडं कुणाच्या नंतर उठायचं?

निहारिका नळाच्या पलीकडची.

मला उत्तर आलं नाही.
मी कातर खाली ठेवली, परत उचलली.
तुम्हाला येत असेल म्हणून
तिलाच लिहायला सांगितलंय, पेन्सिलीनं,
फॉर्मच्या मागच्या बाजूला.
सही माझी तेलुगूत आहे, चालत नसेल तर अंगठा घ्या.
आणि कागद शिक्का मारून फायलीत जाताना
मागची बाजू वाचायची राहू नये
म्हणून इथं, कोपऱ्यात,
बाण काढलाय.